सातवीतल्या मुलीला साहित्यप्रकार कसे समजवावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, बेळगावात इंग्रजी माध्यमाला जाते, घरी मराठी बोलता, आणि कथा, कादंबरी, चरित्र, ललित लेख यांच्या व्याख्या पाठ करूनही तिचा गोंधळ होतो. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत एकोणतीस वर्षं शिकवलं. व्याख्या सध्या बाजूला ठेवा. पाठ केलेली व्याख्या पेपरात उतरते, पण पुस्तक हातात आलं की आठवत नाही.

गोंधळाचं एक कारण आपल्या भागाचंच आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं 'चरित्र म्हणजे इतिहास' असं लिहिलं होतं. मी फुली मारली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. "सर, कन्नडच्या तासाला चरित्रे म्हणजे इतिहासच सांगितलाय की." बरोबर होतं तिचं. कन्नडात 'चरित्रे' म्हणजे इतिहास, आणि एखाद्या माणसाच्या आयुष्याची हकीकत म्हणजे 'जीवन चरित्रे'. तसंच कन्नडातला 'प्रबंध' म्हणजे आपला निबंध. मराठीत प्रबंध म्हटलं की पीएचडीचं जाडजूड बाड. ती फुली मी खोडली आणि फळ्यावर दोन रकाने आखले, एक मराठीचा, एक कन्नडचा. 'कादंबरी' मात्र दोन्ही रकान्यांत कादंबरीच निघाली. हिंदीत तिला उपन्यास म्हणतात. आपण आणि कन्नडिगांनी मात्र बाणभट्टाच्या नायिकेचं नावच साऱ्या प्रकाराला देऊन टाकलं. मुलांना याचं फार अप्रूप वाटलं. तुम्हीही मुलीच्या वहीत हे रकाने आखा. तीन भाषा एकदम शिकणाऱ्या पोरीचा गोंधळ आधी मोकळा व्हायला हवा.

मग एकच प्रसंग घ्या आणि तो निरनिराळ्या प्रकारांत सांगून बघा. एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर वर्गातल्या एका पोराच्या घरी रताळ्यांच्या पोत्यात उंदराची चार पिल्लं सापडली. मी सगळ्यांना त्यावरच लिहायला बसवलं. बातमी लिहिणाऱ्यानं पोतं कुठं होतं, पिल्लं किती, आधी कुणी पाहिली, एवढंच लिहिलं. कथा लिहिणारीनं सुरुवातच अशी केली की पिल्लांची आई रात्री परत येते आणि पोतं जागेवर नसतं. कविता लिहिणाऱ्या मुलानं घर, पोतं, रताळी सगळं गाळलं. त्याच्या चार ओळींत फक्त न उघडलेले डोळे होते. नाटकासाठी दोघांना पुढे उभं केलं. दप्तर हेच पोतं.

आज्जी : टाक जा ते परड्यात.
नातू : डोळे बी उघडले नाहीत गे त्यांचे.
आज्जी : आणि माझ्या रताळ्यांचं काय?

इथं एकानं विचारलं, "सर, आज्जीच्या मनात काय आलं ते कुठं लिहायचं?" मी म्हटलं, नाटकात नुसतं मनात येऊन भागत नाही, ते बोलावं लागतं नाहीतर करून दाखवावं लागतं. आज्जी झालेली मुलगी जरा थांबली. मग तिनं काही न बोलता दप्तर अलगद उचलून कडेला ठेवलं. त्या वर्गाला नाटक म्हणजे काय हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

कादंबरी म्हणजे जास्त पानांची कथा, असं मुलं हमखास म्हणतात. तेव्हा याच प्रसंगाकडे परत या. कथा त्या रात्रीपाशी, त्या पोत्यापाशी थांबते. पण आज्जीचं माहेर, रताळ्यांचा पडलेला भाव, कामाला गोव्याला गेलेला मुलगा, हे सगळं येऊन एकमेकांत गुंतायला लागलं की ती कादंबरी होते. ललित लेखात लिहिणारा स्वतःच आपल्याशी बोलत असतो, तिथं गोष्ट पुढे सरकायलाच हवी असं नाही. सातवीला एवढं पुरे.

नावं सांगताना ती आपल्या मातीतली सांगा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती 1857 ची 'यमुनापर्यटन', आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. 1880 मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, इथंच त्यांनी शिकवलं, कविता लिहिल्या. पु. लं.चे रावसाहेबही बेळगावचे. व्यक्तिचित्र म्हणजे काय ते सांगायला मला दुसरं उदाहरण कधी शोधावं लागलं नाही. जन्मापासून मृत्यूपर्यंतचा हिशेब चरित्रात द्यावा लागतो, व्यक्तिचित्रात माणूस नुसता समोर येऊन बसला तरी चालतं.

ऐतिहासिक कादंबरीशी मात्र मुलीला घाई करू नका, खरी परीक्षा तिथं असते. कोवाड आपल्यापासून लांब नाही. तिथले रणजित देसाई यांनी 1962 साली 'स्वामी' लिहिली, थोरल्या माधवराव पेशव्यांवर. सातवीतल्याच एका मुलाला मी त्यातली काही पानं वाचून दाखवली, तर तो म्हणाला, "रमाबाई असंच बोलल्या होत्या कशावरून?" मी सांगितलं, पेशवे खरे, लढाया खऱ्या, रमाबाई सती गेल्या तेही खरं, पण बंद दाराआडचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, ते लेखकानं मनानं ऐकलं. तो बराच वेळ पान बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणून आमच्या इतिहासाच्या पुस्तकात कुणी बोलतच नाही होय!"