दुर्बीण नको, आधी महिनाभर फाइल उघडू द्या

बार्शीच्या एका वडिलांचं पत्र आहे: "मुलगा फिजिक्स घेऊन एस. वाय. बी.एस्सी.ला आहे. ताऱ्यांच्या पॉप्युलेशनचं मॉडेलिंग करायचं म्हणतो आणि 60 हजारांची दुर्बीण मागतो. ताऱ्यांची खानेसुमारी करून पोट भरतं का?"

नमस्कार. पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. या कामात स्वतःच्या दुर्बिणीचं काही अडत नाही.

खानेसुमारी म्हणालात ते मात्र बरोबर आहे. लांबच्या दीर्घिकेतले (गॅलक्सीतले) तारे सुटे दिसत नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच वर्णपट, म्हणजे रंगारंगांत फोडलेला प्रकाश, हाती येतो. थालीपीठ चाखून भाजणीत ज्वारी किती, उडीद किती हे ओळखायचं, तसंच हे. त्यासाठी एकेका धान्याची चव आधी जिभेवर हवी. ती पुरवते ताऱ्यांच्या वर्णपटांची लायब्ररी. ला पाल्मा बेटावरच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीतून टिपलेल्या 'माइल्स'मध्ये 985 तारे आहेत. 2004 सालच्या 'इंडो-यूएस'मध्ये 1273. ते टिपले अमेरिकेत किट पीकवर, पण त्या चमूत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे रंजन गुप्ता होते.

मेख पुढेच आहे. थालीपीठ खमंग लागतं ते भाजणी जास्त भाजली म्हणून, की धने जास्त पडले म्हणून? दीर्घिका लालसर दिसते ती तारे म्हातारे म्हणून, की त्यांच्यात धातू जास्त म्हणून? (हायड्रोजन-हेलियम सोडून सगळ्यालाच ही मंडळी धातू म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा!) वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषांवरून वयाचा अंदाज येतो, लोह-मॅग्नेशियमच्या रेषांवरून धातूंचा, तरी गुंता पुरता सुटत नाही. त्यात लायब्ररीतले बहुतेक तारे सूर्याच्या आसपासचे, म्हणजे आपल्याच गल्लीतले; लांबच्या दीर्घिकेतले तारे तसेच असतील असं नाही.

दोन्ही लायब्रऱ्या फुकट मिळतात. त्याला सांगा, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका सूर्यासारख्या ताऱ्याची आणि एका तापलेल्या पांढऱ्या ताऱ्याची वर्णपटाची फाइल उघड, वेगवेगळ्या प्रमाणात मिसळ आणि हायड्रोजनच्या रेषा कशा बदलतात ते बघ. मग स्लोन या आकाश-सर्वेक्षणातली एखादी दीर्घिका घेऊन तिच्या वर्णपटाशी मिश्रण जुळव. जुळलं नाही की तो वैतागून उठतो की जेवून पुन्हा बसतो, हे तुम्हाला घरातच दिसेल.

पोटाचं स्पष्ट सांगतो. एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. पाच-सहा. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, बहुधा परदेशी, आणि कायमच्या जागा मोजक्याच. तिशी सहज उलटते. मधेच बाहेर पडला तर प्रोग्रॅमिंग आणि स्टॅटिस्टिक्सला बाजारात मागणी आहे, तेवढा आधार. पीएच.डी.च्या प्रवेशासाठीच्या जेस्ट परीक्षेची आणि आयुकाच्या सुट्टीतल्या विद्यार्थी उपक्रमाची माहिती आत्ताच काढून ठेवा.

त्यानं गणित ठेवलंय की सोडलंय, तेवढं कळवा. सोडलं असेल तर लिनिअर अल्जिब्रा घरी करावा लागेल.