गाल थरथरेपर्यंत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी नौपाड्यातल्या हॉलमध्ये तू दाखवलेला नाचाचा तुकडा अजून डोळ्यांसमोर आहे. त्याचा शेवट मात्र काढून टाक. हसरा मुखवटा ओरबाडायचा आणि खालून रडका चेहरा दाखवायचा, यावर लोक हळहळतील आणि तेवढ्यावरच मोकळे होतील. घोडबंदर रोडच्या लॉन्सवर संगीतला नाचताना तू कधी रडली आहेस का? दोन गाण्यांच्या मधे तू सेफ्टी पिन शोधतेस, घाम टिपतेस आणि काउंट पडला की हसत बाहेर येतेस. तुझा नाच तिथे आहे.

मी तेरा वर्षं लाइनीत, म्हणजे मुख्य कलाकारांच्या मागच्या रांगांत, नाचले. को-ऑर्डिनेटर विंगेतून एकच शब्द ओरडायचा, 'दात!' पाय चुकला तर खपायचं, पण दात मिटले की पैसे कापले जायचे. तोंड सुकून वरचा ओठ दातांना चिकटायचा, म्हणून आम्ही दातांना व्हॅसलीन लावायचो. तू असं कर, घड्याळ लावून आरशासमोर नुसती हसत उभी राहा. डोळे कधी हसायचे थांबतात, गाल कधी थरथरायला लागतात, लिहून ठेव. ती थरथर हीच तुझी पहिली हालचाल. गडकरी रंगायतनच्या मागच्या रांगेतून ती दिसायची नाही, म्हणून हा तुकडा लहान खोलीत कर. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिलं. पगारासाठी भावना सांभाळण्याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. तुला हा शब्द उपयोगी पडेल, पण तो टिपणात ठेव. रंगमंचावर गालच बोलू दे.

आता तुझ्या तुकड्यातल्या केकवॉक नाचाच्या भागाबद्दल. अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामांनी गोऱ्या मालकांच्या ऐटबाज चालीची नक्कल नाचात आणली. मालक टाळ्या वाजवत राहिले, नक्कल आपलीच चालली आहे हे त्यांच्या लक्षातही येत नसे. पुढे गोऱ्या नटांनी बुचाची काजळी तोंडाला फासून तोच नाच काळ्या माणसांना हसण्यासाठी वापरला. म्हणूनच त्या भागात चेहरा काळा रंगवायचं तू म्हणालीस, ते मनातून काढून टाक. ते दुःख आपण अंगावर चढवायचं नाही. रंगाचा प्रश्न तुला हवा असेल तर आपल्याच लाइनीकडे बघ. मी सावळी. तेरा वर्षांत पहिल्या रांगेत दोनदा उभी राहिले, दोन्ही वेळा पुढची गोरी मुलगी आजारी होती म्हणून. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या हंगामात मोहालीत दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश चीअरलीडर्सनी तक्रार केली होती, की रंगामुळे आम्हाला नाचू दिलं नाही. त्याच हंगामाचा अंतिम सामना आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. आनंद दाखवायला कोणाचं कातडं चालतं, हे कोणीतरी ठरवत असतं. रांग बदलण्याची एकच साधी हालचाल घे आणि ती पुन्हा पुन्हा कर. प्रत्येक वेळी सावळी मुलगी मागे जाऊ दे, हसत.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुला ठाऊक असेल. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, असं सांगतात. आपण ती गोष्ट कौतुकाने सांगतो. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या बाईला त्या रात्री थांबता का आलं नाही? पोट, फडाचा खर्च, आणि जन्माने गळ्यात पडलेला धंदा. जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणणार नाही, तूही नाचात तसं जोडू नकोस. पण कोणी हसायचं आणि कोणी बघायचं, हे आपल्याकडेही जन्मावरूनच ठरत आलंय.

आणि हो, तुझ्या तुकड्यात आणखी तिघी नाचतात. त्यांचे तालमीचे पैसे ठरवलेस का? 'आपलाच ग्रुप आहे' असं सांगून मलाही लोकांनी वर्षानुवर्षं फुकट राबवलं. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण आधी सांग आणि तारखेला दे. गुरुवारी ऐरोलीहून येशील तेव्हा त्यांनाही घेऊन ये. गाल किती मिनिटं टिकले, चौघींचे आकडे मला हवेत.

तुझी,
ताई