पडीक रानाचं लॉन करायचंय? गवत विकत आणायच्या आधी लव्हाळ्याचं बघा

तुमचा प्रश्न वाचला. गावाकडं घरापुढं वीस गुंठे रान कित्येक वर्षं पडीक आहे, कमरेएवढं गाजरगवत माजलंय, रोटाव्हेटर मारून वर तयार वाढवलेल्या मेक्सिकन गवताचं कार्पेट टाकलं तर चालेल का आणि खर्च किती येईल. नाही चालणार. एवढं ठाम सांगते कारण हेच आमच्या घरी झालंय आणि त्यावरनं सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आमचं रान फलटणकडचं, काळी माती. वाटणी झाल्यापासून घरापुढचा तुकडा नुसता पडून होता. पुतणीचं लग्न ठरलं तसं माझ्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, शहरातनं एक लॉनवाला आणला. त्यानं वरचं तण कापलं, रोटाव्हेटर मारून माती पिठासारखी केली, वर लाल मातीचा थर आणि त्यावर कार्पेट. मी आणि सासूबाई तेव्हाच सांगत होतो की खाली लव्हाळा आहे, जमिनीतल्या गाठींनी पसरणारं तण, रोटाव्हेटरनं तो मरत नाही, गाठींची साखळी तुटते आणि सुटी झालेली एकेक गाठ वेगळी फुटते, म्हणजे एका झाडाची दहा झाडं आपणच करून ठेवायची. तर आम्हाला ऐकवलं गेलं की बायकांनी यात पडू नये. लग्न झालं, फोटो चांगले आले. पाऊस सुरू झाला आणि आधी कार्पेटच्या जोडांमधनं, मग सरळ कार्पेट फोडून लव्हाळा वर आला. ज्यांनी कलिंगड केलंय त्यांना हे सांगायला नको, लव्हाळ्याचं टोक प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर फोडून येतं, तिथं गवताच्या पातळ थराचं काय.

मग उपटायला आम्हीच बसलो. लव्हाळा हातानं ओढला की पान हातात येतं आणि गाठ खालीच राहते. खुरप्यानं खाली उकरत जायचं, गाठीला बारीक दोऱ्यासारखं मूळ असतं, ते न तोडता धरून पुढं गेलं की वीतभर अंतरावर दुसरी गाठ, तिच्याखाली तिसरी. काळी, टणक, फोडली की दिवाळीच्या उटण्याचा वास येतो, कारण उटण्यात घालतात तो नागरमोथा याच जातीचा. हे काम ज्यानं केलंय त्याला परत कुणी रोटाव्हेटरचं नाव सांगू नये.

उरलेल्या निम्म्या तुकड्यावर सासूबाई म्हणाल्या, आता माझ्या पद्धतीनं होऊ दे. एप्रिलमधे खोल नांगरट केली, रोटाव्हेटर नाही, साधा पलटी नांगर. ढेकळं तशीच मे महिनाभर उन्हात तापू दिली, वर आलेल्या गाठी वेचल्या, बाकीच्या उन्हानं सुकल्या. वळीव पडला, तण तरारून उगवलं, वाफसा आल्यावर, म्हणजे ओल बेताची झाल्यावर, कुळवाची पाळी दिली, वरवर माती हलवून ते तण मारलं. परत उगवलं, परत पाळी. ही उगवू देऊन मारायची पायरी लॉनवाले करत नाहीत, त्यांना पुढच्या साइटवर जायचं असतं. मग पाणी घरापासून लांब वाहून जाईल असा उतार देऊन जमीन लेव्हल केली, कारण काळ्या रानात पाणी साचलं की गवत पिवळं पडतं.

आणि लावलं काय, तर बांधावरची हरळी! यावर भाऊजींनी घर डोक्यावर घेतलं. हरळीच्या काशा वेचण्यात वडिलांचा जन्म गेला आणि तुम्ही ती दारात लावता? सासूबाईंनी एवढंच विचारलं, मग गणपतीला दूर्वा कुठनं आणतोस? ते काही बोलले नाहीत, पण पटलंही नाही, आजही पटलेलं नाही. आम्ही काशांचे, म्हणजे हरळीच्या आडव्या पसरणाऱ्या खोडांचे, दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांवर टोचले, जूनच्या शेवटी, पावसावरच. दोन-अडीच इंच झाली की कापायची, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, आणि कापत राहायचं. लॉन या कापण्यानं होतं, लावण्यानं नाही. सारखं कापलं की हरळी आडवी पसरते, दाट होते आणि बाकीच्या तणाला ऊन मिळत नाही.

पाण्याचा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सांगते. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी धरा. एका गुंठ्याला ते 500 लिटर होतं, तुमच्या वीस गुंठ्याला 10,000 लिटर, म्हणजे रोज एक मोठा टँकर. आहे का एवढं? आमच्याकडं कालव्याला पाणी सुटायचं आवर्तन लांबलं आणि भाऊजींच्या बाजूचं कार्पेट जळून गेलं. हरळीपण वाळली, तांबडी पडली, पण पहिल्या पावसात काशांमधनं परत फुटली. माझ्या मते वीस गुंठे लॉन करूच नका. घरापुढं तीन-चार गुंठे करा, बाकी ठिकाणी झाडं लावा.

गाजरगवताचं एवढं टेन्शन घेऊ नका, ते फुलायच्या आधी उपटत राहिलं की कमी होत जातं. मात्र हातमोजे घाला, त्यानं अंगावर फार वाईट खाज उठते. खतासाठी पूर्ण कुजलेलंच शेणखत घ्या, कच्च्या खतातनं तणाचं बी आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोन्ही येतात.

काही गोष्टी राहिल्या. आंब्याखाली, दाट सावलीत हरळी येत नाही, तिथं माझा सल्ला चालणार नाही. बांधावरची हरळी जाड वाटत असेल तर नर्सरीत बारीक पानाची सिलेक्शन वन मिळते, तीही हरळीच. ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल कुणीतरी सांगेलच, तर 2022 च्या ऑक्टोबरमधे केंद्रानं त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला होता, आणि वाळलेल्या तणावर मारून तसाही उपयोग नाही, हिरव्या वाढत्या पानावर पडलं तरच मुळापर्यंत जातं. आणि पहिल्यांदा रानात शिरताना गमबूट घाला, माजलेल्या गवतात घोणस असते. हे खरं म्हणजे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, गावागावाला मजुरी वेगळी आहे. पण कुणाचं कोटेशन घेतलंत तर रेट विचारायच्या आधी त्याला विचारा की पावसाळ्यात लव्हाळा वर आला तर कोण काढणार, आणि जे उत्तर देईल ते सहीनिशी लिहून घ्या. आमच्या लॉनवाल्यानं नंतर फोनच उचलला नाही.