मासे घेऊन घर बदलताय? फिल्टरचा स्पंज धुवू नका

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आम्ही डोंबिवलीहून पुण्याला हडपसरला शिफ्ट होतोय. दोन फुटी टँक आहे, त्यात दोन गोल्डफिश आणि एक सकर, लेकीने जीव लावून सांभाळलेत. सामान नेणारे म्हणाले जिवंत काही नेणार नाही. सासूबाई म्हणतात नव्या घरात जायचंय तर टँक, खडे, फिल्टर सगळं घासून चकाचक करून ने. दीर म्हणतात सकर मोठा झालाय, तलावात सोडून दे. नव्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मासे घेऊनच जा, चार-पाच तासांचा रस्ता आहे, नीट तयारी केली तर काही होत नाही. फक्त सासूबाईंना समजावून सांगा की फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. तो तपकिरी बुळबुळीत थर असतो ना, त्यातच बॅक्टेरिया राहतात, माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया तेच पचवतात. नळाच्या क्लोरीननं ते मरतात आणि परत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी नाशिक सोडताना हेच केलं होतं, स्पंज अगदी पिवळाधमक होईपर्यंत धुतला, आणि नव्या घरात चौथ्या दिवशी माझा गोल्डफिश वर येऊन तोंड उघडमीट करत होता, कल्ल्यांशी लाल झालेला, सहाव्या दिवशी गेला. अजून डोळ्यासमोर येतो. म्हणून एवढं कळकळीनं सांगतेय.

स्पंज टँकच्याच पाण्यात एकदा हलका पिळा आणि टँकचंच पाणी घातलेल्या डब्यात ठेवा, झाकण सैल, सुकला तर सगळं संपलं. खडेपण त्याच पाण्यात खळबळून ओलेच न्या.

टँक भरलेला उचलायचा नाही, अर्धापण नाही. दोन बाय एक बाय एक फुटात साधारण ५६ लिटर पाणी मावतं म्हणजे ५६ किलो वजन, सिलिकॉनचे जोड उघडतात. हीटर असेल तर बंद करून वीस मिनिटांनी बाहेर काढा नाहीतर काच तडकते. जुनं पाणी पिण्याच्या पाण्याच्या जारमध्ये भरून घ्या, दोन जार म्हणजे ४० लिटर, मग टँकरचं पाणी थोडंच मिसळावं लागेल, त्यात अँटीक्लोरीनचे थेंब घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढेच.

निघायच्या आदल्या दिवशी खायला काहीही देऊ नका, लेकीला आधीच सांगून ठेवा, उपाशी मासा पाणी कमी घाण करतो. गोल्डफिशला झाकणाची नवी बादली बरी, अर्धी भरलेली, आत बॅटरीवर चालणारा एअरपंप. पिशवीतच न्यायचे तर दुकानदाराकडून ऑक्सिजन भरून घ्या, एक भाग पाणी दोन भाग हवा, पिशवीवर पिशवी, आणि थर्माकोलच्या खोक्यात अंधारात ठेवा. सकरला पिशवीत घालू नका, त्याच्या परांचे काटे पिशवी फाडतात, वेगळी बादलीच हवी. पहाटे निघा, दुपारच्या उन्हात गाडीत पाणी फार तापतं.

तलावाचं मात्र मनातूनच काढून टाका. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे लोकांनी असाच सोडला आणि आता उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाटतात आणि विकला तर जात नाही. नकोच असेल तर एखाद्या फिश शॉपला द्या, बरेच जण घेतात.

पोचल्यावर आधी टँक लावा, कपाटं नंतर. सपाट जागा, खाली थर्माकोलची शीट, जुनं पाणी, तोच स्पंज, फिल्टर चालू, नवं पाणी टँकभर एकसारखं मिसळू द्या, मग बादलीत टँकचं पाणी थोडं थोडं घालत अर्ध्या तासानं मासे जाळीनं सोडा, बादलीतलं पाणी ओतून द्या. रात्रभर लाइट बंद. खाणं दुसऱ्या दिवशी, तेही चिमूटभर, आणि पुढचे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाव टँक पाणी बदला. मासे सारखे वर येऊन तोंड उघडायला लागले तर थांबू नका, लगेच बदला.