नागीण, गुडघ्याची गोळी आणि अण्णांचं क्रिएटिनिन

प्रश्न असा आहे: "औषधं, विषाणू आणि म्हातारपण, या तिघांत माणसाच्या पेशींचं सगळ्यात जास्त नुकसान कोण करतं? आणि एकदा बिघडलेली पेशी परत नीट होते का?"

पहिला-दुसरा नंबर काढायला ही काय भजनाची स्पर्धा आहे? तिघं वेगवेगळे येतच नाहीत. म्हातारपण दार उघडं ठेवतं, विषाणू आत शिरतो आणि त्याला हाकलायला बोलावलेलं औषध जाता जाता घरातली भांडी फोडून जातं. आमच्या अण्णांच्या बाबतीत हे सगळं एका आठवड्यात झालं, आणि त्यावरून माझं नि थोरल्या भावाचं, दादाचं, आजतागायत वाजतंय.

डिसेंबर २०१९. अण्णांचं वय ७६. गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग, घड विरळायचे दिवस. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. वहिनी म्हणाली पित्त असेल. दादाने मेडिकलमधून नेहमीची "गुडघ्याची गोळी" आणून दिली, सकाळ-संध्याकाळ. ही गोळी म्हणजे डायक्लोफिनॅक. अण्णा ती पाच-सहा वर्षं घेत होते, कधी आठवड्यातून दोनदा, छाटणीच्या दिवसांत रोज. चिठ्ठी नाही, काही नाही. मेडिकलवाला त्यांना लांबून येताना बघूनच पाकीट काढून ठेवायचा.

शुक्रवारी फोड उठले. बरगडीवरून पाठीकडे जाणारा पट्टा, जणू कोणी कढत तेलाचा हात ओढलाय. नागीण. गावात कुणालाही विचारा, सांगतील की नागिणीला इंग्रजी औषध चालत नाही आणि तोंड-शेपूट मिळून विळखा पुरा झाला की माणूस संपला. दादाने शेजारच्या गावातला नागीण उतरवणारा आणला. त्याने काव कालवली, कोंबडीच्या पिसाने फोडांभोवती कुंपण घातलं, काहीतरी पुटपुटला आणि तीन वार, म्हणजे तीन दिवस, हे करावं लागेल म्हणाला. मला कळलं रविवारी रात्री. तेही वहिनीने चोरून फोन केला म्हणून.

आता विळख्याचं सांगते, कारण माझं रक्त इथेच तापतं. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो जात नाही. नसांच्या वाटेने पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत जाऊन बसतो. कातडीची पेशी महिनाभरात झडून जाते, तिथे राहून त्याला काय मिळणार? चेतापेशी मात्र जन्मभर तीच. साठ-सत्तर वर्षं बिनभाड्याने राहायला याहून बरी जागा नाही. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावचे एक साधे जनरल प्रॅक्टिशनर होते, एडगर होप-सिम्पसन. त्यांनी आपल्याच पेशंटांपैकी नागिणीच्या १९२ जणांची सोळा वर्षं नोंद ठेवली आणि १९६५ मध्ये मांडलं की हा विषाणू आत झोपलेलाच असतो, वयाबरोबर त्याच्यावरचा पहारा ढिला पडतो आणि मग तो ज्या नसेत असेल तिच्याच वाटेने बाहेर येतो. पहारा म्हणजे टी-पेशी, रक्तातल्या विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या तयार करणारी छातीतली ग्रंथी तारुण्यापासूनच आटत जाते.

डावी नस डाव्या अंगाला जाते, उजवी उजव्या. म्हणून नागीण छातीच्या मधल्या रेषेपर्यंत येते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. विळखा सहसा पुरा होतच नाही! कावेचं कुंपण घाला नाहीतर नका घालू. आणि फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात. म्हणजे उतरवणारा कायम पास. इतका सोपा पेपर मला दहावीलाही आला नव्हता.

पण त्या तीन वारांत जातं काय, ते त्याला कोण सांगणार? विषाणूवरचं औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर खरा उपयोग. नंतर नसेचं जे व्हायचं ते होऊन बसतं. अण्णांचं झालं. फोड गेले तरी दुखणं राहिलं. पुढे शेवटपर्यंत ते बंडी उलटी घालायचे, शिवण बाहेर. आणि बोलता बोलता डाव्या हाताने सदरा चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवायचे. नवख्या माणसाला वाटायचं, उकडतंय.

सोमवारी त्यांना मिरजेला आणलं. मी तिथल्याच एका लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर लिहून दिलं, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. औषध म्हणून ही चीज फार हुशार आहे. ती गोळी रक्तात फिरते तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असते. विषाणूने पकडलेल्या पेशीत गेली की विषाणूचंच एक एन्झाइम तिला चालू करतं, आणि मग ती विषाणूच्या डीएनएची वाढती साखळी मध्येच थांबवते. निरोगी पेशीत ते एन्झाइम नाही, त्यामुळे तिला धक्का नाही. चोराच्याच किल्लीने चोराला कोंडायचं. ज्यांच्या गटातून हे औषध आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं.

फक्त हे औषध शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. डॉक्टरांनी विचारलं, "किडनीचा काही त्रास?" दादा म्हणाला, "छे, काही नाही." मी शेजारीच उभी होते.

बुधवारी रात्री दोनच्या सुमाराला मला वॉर्डमधून दादाचा फोन. जाऊन बघते तर अण्णा खाटेवर उठून बसलेले, डोळे उघडे, आणि दोन्ही हात समोर हवेत. उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडत-मिटत होती. डावा हात खालून काहीतरी अलगद तोलून धरल्यासारखा. घड विरळत होते. मला म्हणाले, "बाई, ही ओळ उरकू दे, मग चहा टाक." मी त्यांची पोरगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्यांनी रोजाची बाई समजलं होतं.

रक्ताचा लाल टोपणाचा बल्ब मीच भरला, मीच लॅबमध्ये नेला, मीच मशीनवर लावला. क्रिएटिनिन ३.१.

इथे लोकांचा एक गैरसमज आहे, की हा आकडा सगळ्यांना सारखाच लागू. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा कचरा, मूत्रपिंड तो बाहेर टाकतं, आणि ते खचलं की रक्तात वाढतो. ज्याच्या अंगावर मांस नाही त्याचं मुळातच कमी असतं, म्हणून १.४ हा आकडा तालमीतल्या पैलवानाचा असेल तर वेगळा आणि ५२ किलोच्या म्हाताऱ्याचा असेल तर वेगळा. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करतं याचा साधा हिशोब आहे: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. (बायकांसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं.) अण्णांचं आठ महिन्यांपूर्वीचं १.४ टाकलं की उत्तर येतं ३३. तरुणपणी शंभरच्या आसपास असतं ते ३३! रिपोर्टवर त्या १.४ पुढे एक छोटासा बाण असतो, बस्स. त्या रात्रीच्या ३.१ ला उत्तर १५. मूत्रपिंड ढासळत असताना हा हिशोब नेमका बसत नाही, पण अंदाज यायला पुरे. एवढ्यावर तीच गोळी दिवसातून पाच नाही, तीन वेळा द्यायची असते. बाहेर पडायला वाट नाही म्हणून औषध आणि त्याचा गाळ रक्तात साठला आणि मेंदूपर्यंत गेला. म्हणून ती द्राक्षं.

मूत्रपिंड एका आठवड्यात इतकं का खचलं? दादा म्हणतो, असायक्लोव्हिरने. मी म्हणते, गुडघ्याच्या गोळीने. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी असते. शरीर कोरडं पडलं, वय झालं, की ती नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफिनॅक तीच द्रव्यं बंद पाडतं, दुखणं थांबतं ते त्यामुळेच. त्यात अण्णांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध अशी जोडगोळी. ती गाळणीतून पुढे जाणारी नळी सैल करते आणि अंगातलं पाणीही कमी करते. येणारं रक्त तुटलं, जाणारं मोकळं सुटलं, दाब राहील कुठून? गाळणीला जोडलेल्या बारीक नलिकांच्या पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात. शिवाय दुखण्यापायी माणूस चार दिवस धड पाणी प्यायलेला नाही.

दादाला मी एकच विचारते. आपण लहान असताना मेलेलं जनावर वेशीबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, आठवतं? गेली कुठे? गुराढोरांना डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं द्यायचे, ती जनावरं मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंड बंद पडून मरायची. आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर, चुना मारल्यासारखा. काही जाती ९५ टक्क्यांहून जास्त संपल्या तेव्हा, २००४ मध्ये, कारण सापडलं. २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक आपल्याकडे बंद झालं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, हे कबूल. पण त्याच औषधाचं पाकीट आपण पेपरमिंटसारखं घरात ठेवतो, हे काय आहे?

अण्णांचं डायक्लोफिनॅक बंद केलं, असायक्लोव्हिर कमी केलं, सलाईन लावलं. डायलिसिसची वेळ आली नाही. शनिवारी सकाळी त्यांनी मला नावाने हाक मारली आणि बागेत कोण आहे विचारलं. क्रिएटिनिन उतरत उतरत १.९ वर थांबलं. १.४ वर परत कधीच गेलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. नलिकेच्या अस्तरातल्या पेशी मेल्या तर शेजारच्या पेशी पसरतात, विभागतात, अस्तर परत भरून काढतात. म्हणून ३.१ खाली आलं. पण गाळणी आणि नलिका मिळून जे अख्खं एकक असतं, ते मेलं तर नवं येत नाही. जन्माला येताना एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख मिळतात, पुढे नुसता खर्च. चाळिशीनंतर दुखणं-खुपणं नसतानाही गाळण्याची ताकद वर्षाला साधारण मिनिटामागे एकेका मिलिलिटरने उतरत जाते. यकृताचं वेगळं आहे, ते पुष्कळ भरून निघतं. चेतापेशीचं जवळपास नाहीच.

अण्णा मागच्या वर्षी गेले, हृदयविकाराने, झोपेत. दहाव्याला घाटावर, कावळ्याची वाट बघत उभे असताना, दादा चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "हिच्या मिरजेच्या औषधाने किडनी गेली आणि मग सगळंच गेलं." मी तिथे काही बोलले नाही. इथे बोलते. दादा, तीन दिवस त्या पिसवाल्यात तू घालवलेस. गोळ्यांची पाकिटं तू आणलीस. डॉक्टरांना "काही नाही" तू सांगितलंस.

आणि ते १.४ मला माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वीचा तो रिपोर्ट मीच काढला होता, बाण मीच पाहिला होता आणि "वयाप्रमाणे आहे" म्हणून कागद घडी करून पर्समध्ये टाकला होता. सोमवारी डॉक्टरांसमोर तोंड उघडलं नाही, कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त कावेचं कुंपण होतं, दादाला कसं सुनवायचं ते जुळवत होते. त्यामुळे दादाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. निम्मं धरा. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो काही या साईटवर येत नाही.

राहिलेल्या गोष्टी भराभर. मी डॉक्टर नाही, वरचा हिशोब बघून स्वतःची गोळी कमी-जास्त करू नका. असायक्लोव्हिर वाईट औषध नाही, बहुतेकांना काही होत नाही, उलट उशीर केलात तर पस्तावाल. दुखण्यावरच्या सगळ्याच गोळ्या मूत्रपिंडावर अशा जात नाहीत. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं, पण त्याचा अतिरेक यकृताच्या पेशी मारतो. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, ती मूत्रपिंडाला वाचवतेही. नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतर, दोन डोस. महाग आहे. मी घेतली.

दादाचे गुडघे आता दुखायला लागलेत. कुठली गोळी घेतो विचारलं तर विषय बदलतो. महिनाभर मागे लागले, तेव्हा गावातल्या कंपाउंडरकडून रक्त काढून बल्ब एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हरने तो काचेसमोर उन्हात ठेवला. माझ्याकडे पोचेस्तोवर आतल्या पेशी फुटून सीरम लालभडक. असल्या सॅम्पलवर मी सही करत नाही. दुसरं पाठव म्हणून कळवलंय.