वाचकांचे प्रश्न : वाईतला पहिला दिवस

प्रश्न : डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन दोन रात्री वाईला राहणार आहोत. दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. पुण्याहून सकाळी निघून पहिल्याच दिवशी गणपती, मेणवली, धोम आणि पाचगणी होईल का?

उत्तर : होईल, पण आई-बाबा गाडीत बसून राहतील आणि वाई बघायची राहूनच जाईल. पाचगणी वाईपासून जेमतेम 12 किलोमीटर, पण मध्ये पसरणीचा घाट आहे. ती आणि धोम दुसऱ्या दिवसावर टाका. पहिला दिवस फक्त कृष्णाकाठचा ठेवा.

शक्यतो शनिवार टाळा. पुण्याकडून महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी बहुतेक वर्दळ वाईतूनच वर जाते. शनिवारी सकाळी चढणारी आणि रविवारी संध्याकाळी उतरणारी रांग शहरातच अडकते. स्वारगेटहून एसटीनं आलात तरी चालेल. स्वतःची गाडी असेल तर मुक्कामाच्या जागी लावून टाका. गणपती आळीत ती नेण्याचा हट्ट नको, गल्ल्या अरुंद आहेत.

सामान टाकून आधी गणपती आळीचा घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. दहाएक फूट उंचीची मूर्ती एकाच दगडातली आहे. दर्शन झालं की लगेच परत फिरू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. बहुतेक लोक हेच चुकवतात. मागची भिंत सपाट नाही, माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं तर सगळा जोर तिच्यावर येतो. निमुळत्या भिंतीवर ते दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. देऊळ नदीपात्राला इतकं लागून का बांधता आलं, ते तिथं उभं राहिल्यावरच नीट कळतं. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, त्याच्याही आधीचं, 1757 चं. तिथला काळ्या पाषाणाचा नंदी जवळून बघा. गळ्यातल्या घंटांची माळ बारकाईनं कोरलेली आहे.

वाईला सात घाट आहेत आणि प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. सातही घाट पालथे घालायची गरज नाही. गणपती आळीहून मधली आळी, फार तर गंगापुरीपर्यंत चाला. मराठी विश्वकोशाचं कार्यालय याच गंगापुरीत आहे. आईंना पायऱ्या उतरायला लावू नका, वरच्या कट्ट्यावरूनही नदी छान दिसते. पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ओला काळा दगड कोरड्यासारखाच दिसतो. पाय घसरतात ते तिथंच.

बारा ते साडेतीन काही ठरवू नका. जेवण आणि झोप. डिसेंबरातही दुपारी घाटाचा दगड अनवाणी पायाला चटका देतो.

चारच्या सुमारास मेणवलीला निघा. अंतर 3 किलोमीटर. रिक्षा थांबवून ठेवायची बोली करूनच न्या, परतताना तिथं मिळेलच याचा भरवसा नसतो. नाना फडणवीसांचा वाडा आधी बघा, मग घाट. उलट केलंत तर वाड्यात अंधार गाठेल. मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज चर्चमधली आहे. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून ती मराठ्यांकडे आली. ऊन तिरपं झालं की ती आकृती जास्त उठून दिसते. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण डोंगरामुळे उजेड आधीच उतरतो आणि गारवा पटकन येतो. आई-बाबांच्या शाली बरोबरच असू द्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये गेलं तर हाच बेत चालेल?

उत्तर : देवळं आणि वाडा चालेल, पाण्याजवळ जाणं नाही. धोम धरण वाईच्या वरच्या अंगाला आहे. वाईत ऊन पडलेलं असलं तरी धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी चढतं. मुलांना घाटाच्या खालच्या टप्प्यावर अजिबात सोडू नका. पाणी ओसरल्यावरही पायऱ्यांवर गाळाचा पातळ थर राहतो, तो शेवाळापेक्षा निसरडा.

प्रश्न : वाईची हळद डिसेंबरमध्ये घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण ती मागच्या हंगामातली असणार हे धरून चाला. नव्या हळदीची काढणी साधारण जानेवारीपासून सुरू होते. मग ती शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून बाजारात यायला आणखी काही आठवडे जातात. म्हणून पूड न घेता हळकुंडं घ्या आणि एक मोडून बघा. नीट वाळलेलं हळकुंड कटकन तुटतं आणि आतून गर्द केशरी-पिवळं निघतं. वाकून मग तुटलं तर ओल राहिली आहे, डब्यात बुरशी धरेल. तुटल्या जागी बारीक भोकं आणि भुगा दिसला तर कीड लागलेली आहे. तो माल स्वस्त मिळाला तरी नको.