ऑक्टोबरचा हिरो, मार्चमधला भाव
(वाचकांचे प्रश्न : बेसबॉल आणि फँटसी लीग)

प्रश्न : आम्ही बारा जण बेसबॉलची फँटसी लीग चालवतो (खरे खेळाडू लिलावात घेऊन कागदी संघ करायचा, गुण त्यांच्या खऱ्या कामगिरीवर). प्रत्येकाला 260 टोकन; त्यात 14 बॅटर आणि 9 पिचर (चेंडू टाकणारे) घ्यायचे. गुण नेहमीच्या पाच-पाच विभागांवर : पाच बॅटरचे, पाच पिचरचे. पिचर योशिनोबू यामामोटोने 2025 ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकेतली अंतिम मालिका) लॉस एंजेलिस डॉजर्सना जवळजवळ एकहाती जिंकून दिली. मार्चच्या लिलावात त्याच्यावर 45 टोकन लावावेत का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. 30 च्या आसपास हात खाली घ्या.

त्या मालिकेत तो जे खेळला ते विलक्षणच होतं. दुसऱ्या सामन्यात पूर्ण नऊ इनिंग (एक इनिंग म्हणजे समोरच्या संघाचे तीन आउट), सहाव्यात सहा इनिंगमध्ये 96 चेंडू, आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात आणखी पावणेतीनच्या आसपास इनिंग, एकही रन न देता. एकूण 17⅔ इनिंग, ईआरए 1.02 (दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे फिल्डरांच्या चुका वगळून दिलेले; कमी तितका चांगला). पण तुमच्या लीगचा हिशोब सप्टेंबरअखेर बंद होतो. ऑक्टोबरच्या एकाही चेंडूला तिथे गुण नाहीत. तुम्ही विकत घेता तो साधा हंगाम : 2025 मध्ये त्याच्या 173⅔ इनिंग, ईआरए 2.49, 201 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). हे आकडे उत्तमच आहेत. भाव यांचा लावा, मालिकेचा वेगळा जोडू नका.

आता 45 का नाही, ते पाहा. बारा संघांचे मिळून 3120 टोकन. बहुतेक लीगमध्ये त्यातले सत्तर टक्के बॅटरवर आणि तीस टक्के पिचरवर जातात, कारण पिचर दुखावतात जास्त आणि हंगाम चालू असताना फुकटात सापडतातही जास्त. म्हणजे एका संघाला नऊ पिचरसाठी 78 टोकन. त्यातले 45 एकावर घातले की उरले 33, आणि जागा आठ. माणशी चार टोकनांत मिळणारे आठ पिचर तुमचा ईआरए आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) दोन्ही बुडवतील. एकट्या यामामोटोने ते भरून निघत नाही.

2014 च्या मॅडिसन बमगार्नर या पिचरचं उदाहरण लोक हमखास देतात. त्या वर्ल्ड सिरीजमध्ये 21 इनिंग, ईआरए 0.43, त्यातही सातव्या सामन्यात दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर पाच इनिंग. पण त्याच वर्षीच्या साध्या हंगामातला त्याचा ईआरए 2.98 होता, आणि पुढच्या वर्षी 2.93. म्हणजे ऑक्टोबरने तो पिचर बदलला नाही. जास्त चेंडू टाकले म्हणून पुढच्या वर्षी हात गेलाच समजा, असं म्हणणाऱ्यांनीही हे आकडे पाहावेत.

प्रश्न : एक्सेलमध्ये पिचरची किंमत काढताना स्टार्टर (सामना सुरू करणारा) आणि क्लोजर (शेवटी येऊन आघाडी राखणारा) यांची तुलना कशी करायची? माझ्या शीटमध्ये 2.00 ईआरएचा क्लोजर सगळ्यांच्या वर येतो.
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : कारण तुम्ही ईआरएची तुलना करताय, इनिंगची नाही. आधी पाया ठरवा. बारा संघ गुणिले नऊ, म्हणजे 108 पिचर विकले जाणार. यादीतल्या शेवटच्या, एका टोकनाच्या पिचरचा ईआरए धरा 4.00. आता प्रत्येकाने त्याच्यापेक्षा किती रन वाचवले ते काढा : 4.00 मधून त्याचा ईआरए वजा, गुणिले इनिंग, भागिले 9. यामामोटोचे येतात 29 च्या आसपास. 65 इनिंग टाकणाऱ्या तुमच्या क्लोजरचे येतात 14.4. ईआरए कमी असूनही काम निम्मं. व्हिपलाही हीच रीत. स्ट्राइकआउट, विजय आणि सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी) मात्र सरळ संख्येने मोजा.

एक ठेच मात्र सगळ्यांनाच लागते. स्कोअरकार्डवर 173.2 लिहिलेलं म्हणजे 173 पूर्ण इनिंग आणि दोन आउट. ते दशांश नव्हे. एक्सेल मात्र ते दशांशच समजतं आणि हिशोब चुकतो. बिंदूनंतरचा आकडा वेगळा काढून 3 ने भागा आणि पूर्णांकात मिळवा, मग पुढे जा.

सेव्हबद्दल एवढंच : मुख्य नियम जास्तीत जास्त तीन रनांच्या आघाडीचा आणि किमान एका इनिंगचा आहे, त्यामुळे सेव्ह कौशल्यापेक्षा मॅनेजर कोणाला पाठवतो यावर ठरते. नोकरी गेली की क्लोजरचा भाव एका रात्रीत एक टोकन होतो. दोन मध्यम क्लोजर घ्या, एक महागडा नको.

प्रश्न : मागच्या हंगामात कमी ईआरए असलेला पिचर यंदाही तसाच टाकेल का, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : ईआरए बाजूला ठेवा, एफआयपी काढा. त्यात फिल्डरांचा हात नसलेल्याच गोष्टी मोजतात : होमरन (मैदानाबाहेर मारलेले) गुणिले 13, अधिक वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर बॅटरला फुकट बेस) आणि अंगावर लागलेले चेंडू गुणिले 3, वजा स्ट्राइकआउट गुणिले 2. आलेल्या आकड्याला इनिंगने भागून त्यात 3.10 मिळवा (हा शेवटचा आकडा दरवर्षी थोडा बदलतो). समजा 180 इनिंग, 20 होमरन, 50 वॉक, 180 स्ट्राइकआउट : 260 अधिक 150 वजा 360 म्हणजे 50, भागिले 180 केल्यावर 0.28, एफआयपी 3.38. अशा पिचरचा ईआरए 2.50 दिसत असेल तर पुढच्या वर्षी तो 3.38 कडे सरकेल असं धरून बोली लावा. जोडीला पाहा की बॅटला लागून मैदानातच राहिलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले. साधारण सरासरी .300 च्या जवळपास असते, त्याची .240 असेल तर नशिबाची उधारी आहे.

विजयांवर मात्र पैज लावूच नका. स्टार्टरला विजय मिळायला पाच इनिंग पूर्ण कराव्या लागतात, आणि हल्ली बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की मॅनेजर पिचर काढतात. 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टँपा बेच्या ब्लेक स्नेलला 73 चेंडूंवर, नऊ स्ट्राइकआउट झालेले असताना आणि संघ 1-0 ने पुढे असताना उठवलं. सामना टँपा बे हरला, स्नेलच्या खात्यात काही नाही. तुमच्या लीगला बदल करायचा असेल तर विजयाऐवजी क्वालिटी स्टार्ट घ्या : किमान सहा इनिंग, तीनपेक्षा जास्त अर्न्ड रन नाहीत.

प्रश्न : प्रत्येकी हजार रुपये लावून अ‍ॅपवर लीग काढली तर?
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर : काढू नका. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. हरणाऱ्याकडून हुरडा घ्या. हंगाम सप्टेंबरला संपतो, हुरडा डिसेंबरात. तेवढी उधारी चालते.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी असते. लाइनअप (आपल्या संघातले कोण खेळणार याची यादी) कधी लावायची?
– एक वाचक

उत्तर : न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, रविवारी दुपारी एकचा सामना रात्री साडेदहाला. हे गणित अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे असतात तेव्हाचं, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतचं. रोज बदलायची लीग तुम्हाला झेपणार नाही. सोमवारी आठवड्याची लाइनअप कुलूपबंद होणारी निवडा, आणि ती आपल्या सोमवारी संध्याकाळी पाळीवर निघण्याआधी लावा. सोमवार किंवा मंगळवारी टाकणारा स्टार्टर पाच दिवसांनी पुन्हा येतो, म्हणजे एका आठवड्यात दोन वेळा. डॉजर्ससारखे संघ मात्र जपानी पिचरांना बहुतेकदा त्याहून जास्त विश्रांती देतात, तेव्हा दुसरी वेळ गृहीत धरू नका.